गणितात पुढे असलेल्या मुलीला किती वेगाने पुढे न्यावं? (मंचावरची चर्चा, प्रत्येक नोंदीच्या वर सदस्याचं नाव)

माचाळ

मुलगी सहावीत. लांजा तालुक्यातली जिल्हा परिषदेची मराठी शाळा, सातवीपर्यंत, द्विशिक्षकी. पाचवी ते सातवी एकाच खोलीत बसतात, त्यामुळे गेल्या वर्षापासून सातवीचं गणित तिच्या कानावर पडतंय. थोरला मुलगा सातवीत आहे, त्याच खोलीत. त्याची गणितं ती त्याच्या आधी तोंडी सांगते.

सध्याची परिस्थिती अशी: सातवीचं पुस्तक संपलंय. आठवीचं बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलं, त्यात विस्तार सूत्रांपर्यंत आली आहे. घटक चाचणीत पैकीच्या पैकी. पायऱ्या लिहायचा कंटाळा, एकदम उत्तर लिहिते.

सल्ले तीन दिशांनी येताहेत. गुरुजी म्हणतात, घाई नको, पाया पक्का होऊ दे. मुंबईचे मेव्हणे म्हणतात, ऑनलाइन फाउंडेशन क्लास लावा, सातवी संपेपर्यंत दहावीचं गणित हातावेगळं होईल. तिसरा सल्ला, सातवी गाळून पुढच्या जूनला थेट आठवीत बसवा. वेग नेमका कशावर ठरवायचा? घरात दहावीच्या पुढचं गणित कुणाला येत नाही. रत्नागिरी गाठायची तर एसटीने जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो, आणि पावसात नेटचा भरवसा नाही.

कर्णरेषा

पैकीच्या पैकी या माहितीचा इथे काही उपयोग नाही. सहावीच्या पेपरात ५० पैकी ५० मिळवणारी मुलगी सातवीच्या पातळीवर आहे की नववीच्या, हे तो पेपर सांगूच शकत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये गणितात हुशार मुलांचा अभ्यास सुरू केला तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशाची परीक्षा दिली, ती याच कारणाने. वयाच्या पेपरात सगळी सारखी दिसणारी मुलं त्या पेपरात लांब-लांब पसरली. शिकवायची पद्धतही त्यांनी साधी ठेवली होती: आधी चाचणी, मग चुकलेलं तेवढंच शिकवायचं, मग पुन्हा चाचणी. जे येतं ते शिकवण्यात वेळ घालवायचा नाही. हे लांज्यात बसूनही करता येतं.

सातवीचं दुसरं सत्र, आठवीचं पहिलं सत्र आणि आठवीचं दुसरं सत्र अशा तीन जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा. जवळच्या हायस्कूलमध्ये मागितल्यात तर देतील. दिवसाला एक. मदत नाही, पुस्तक नाही. वेळेची सक्ती नको, पण किती वेळ लागला ते लिहून ठेवा. तपासताना चुकीपुढे खूण करा: हिशेब चुकला की रीतच माहीत नाही. हिशेबाच्या चुकांवरून वेग कमी करू नका, त्या लिहायच्या सवयीने जातात.

माझा ठोकताळा असा. ८५ टक्क्यांच्या वर असेल तर ते सत्र झालं समजा, पुन्हा शिकवू नका. ६० ते ८५ असेल तर चुकलेले घटक तेवढे घ्या. ६० च्या खाली असेल तर ते सत्र पहिल्या पानापासून, नव्या मुलाला शिकवावं तसं.

पण यावर थांबू नका. कारण रीत येते आणि कारण माहीत नाही, ही चूक लेखी पेपरात दिसतच नाही. तिच्यासाठी तोंडी घ्यायची. हे चार प्रश्न विचारा:

पाऊण भागिले अर्धा, उत्तर दीड. पाऊणला भागून दीड कसं आलं, वाढलं कसं? चित्र काढ किंवा असा प्रसंग सांग ज्यात हा भागाकार करावा लागेल. (पाऊण लिटर कोकम सरबत अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरलं तर दीड बाटली होते, एवढं सांगता आलं की झालं.)

उणे गुणिले उणे अधिक का? नियम सांगू नकोस, कारण सांग.

(अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग, असं एक मुलगा म्हणतो. त्याला चूक कशी दाखवशील?

लागोपाठच्या दोन विषम संख्यांची बेरीज नेहमी ४ ने भागली जाते का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात बोलका. ३ + ५, ७ + ९, ११ + १३ करून पाहिलं, सगळीकडे जमतं, म्हणून हो, असं उत्तर आलं तर मुलगी अजून अंकगणितात आहे. दोन विषम संख्यांच्या मधे एक सम संख्या असते, बेरीज तिच्या दुप्पट, आणि सम संख्येची दुप्पट ४ ने भागली जाणारच, असं कुठल्याही शब्दांत आलं तर ती बीजगणितात पोचली आहे, पुस्तक कुठलंही चालू असो. अक्षरं वापरली नाहीत तरी चालेल.

हे करा, निकाल इथे टाका, मग वेगाचं बोलू. आणि सहा आठवड्यांनी त्यातलाच एक पेपर आकडे बदलून पुन्हा द्या. तेव्हा किती उरलं, त्यावर खरं ठरतं.

सुरंगी

वरच्या चाचणीशी सहमत. पण गुरुजींच्या "घाई नको" मध्ये एक गृहीत आहे: सावकाश जाणं म्हणजे सुरक्षित. तसं नसतं. जिला सहा-सात वर्षं एकही गणित दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ अडलं नाही, ती नकळत शिकते की गणित म्हणजे लगेच सुचणारी गोष्ट. मग अकरावीत पहिल्यांदा अडतं आणि "मला गणित जमत नाही" असा निकाल ती स्वतःच लावून टाकते. अडण्याची सवय दहा-अकराव्या वर्षी लागली तर तिचं काही वाटत नाही. तेव्हा तिला अडवणारं काहीतरी दर आठवड्याला हातात पडलंच पाहिजे, इयत्ता कुठलीही चालू असो.

दोन गोष्टी लगेच करता येतील.

शाळेच्या तासाला: प्रत्येक सरावसंचातली शेवटची पाच गणितं आधी सोडवायची, पायऱ्यांसह. पाचातली चार बरोबर असतील तर तो सरावसंच संपला. उरलेला वेळ तिचा. आठवीच्या पुस्तकातले संकीर्ण प्रश्नसंग्रह यासाठी बरे आहेत. गुरुजींना "तिला पुढचं शिकवा" म्हणू नका. तीन वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला ते कसं जमणार? "शेवटची पाच आधी करू द्या" एवढंच मागा, ते कुणीही देईल. आणि वर्गातल्या कच्च्या मुलांना शिकवायला तिला बसवायचा मोह शिक्षकांना होतो. आठवड्यातून एखाद्या वेळी ठीक, रोजचा तोडगा म्हणून नको. तो तिचा अभ्यास नव्हे.

घरी: आठवड्याला एकच प्रश्न, जो कुठल्याही इयत्तेचा नाही. कबड्डीच्या स्पर्धेत ३७ संघ आहेत, हरला तो बाद, एकूण सामने किती? बहुतेक मुलं फेऱ्या मांडत बसतात: १८ सामने, एका संघाला पुढे चाल (न खेळता पुढच्या फेरीत), मग ९… आकडेमोड बरोबर केली तर ३६ येतं. ते आलं की विचारायचं, ५०० संघ असते तर? फेऱ्या न मांडता सांग. एका सामन्यात एकच संघ बाद होतो, बाद व्हायचे ४९९, म्हणून सामने ४९९. हे तिला स्वतःला सुचायला चार दिवस लागले तरी लागू देत. तुम्ही सांगितलंत की प्रश्न फुकट गेला.

माचाळ

धन्यवाद. चाचणी घेतली. सातवी दुसरं सत्र ४० पैकी ३८, पंचवीस मिनिटांत. आठवी पहिलं सत्र ४० पैकी ३३. दुसरं सत्र १४.

तोंडी: भागाकाराला "दुसरा उलटा करून गुणायचं", त्यापुढे काही नाही, चित्रही नाही. उणे गुणिले उणेला "पुस्तकात तसंच आहे". वर्ग विस्ताराला चौरस काढून चार तुकडे दाखवले, अ आणि ब बाजूंचे दोन आयत उरतात म्हणाली. विषम संख्यांना आठ जोड्या करून दाखवल्या, "नेहमीच होतं" म्हणाली. का, तर गप्प.

कबड्डीच्या गणितावर दोन दिवस कुणाशी बोलली नाही. ३६ आलंय. ५०० वाला चालू आहे.

कर्णरेषा

छान, आता चित्र स्पष्ट आहे. सातवी झाली, तिकडे मागे वळून बघू नका. आठवीचं पहिलं सत्र ८२ टक्के, म्हणजे चुकलेले दोन-तीन घटक घ्या आणि पुढे व्हा. दुसरं सत्र अजून शिकलेलीच नाही, १४ गुण नुसत्या अंदाजबुद्धीचे आहेत आणि ते बरेच आहेत.

पण अपूर्णांकांचं भोक बुजवल्याशिवाय पुढचं पान उलटू नका. आठवीच्या शेवटापर्यंत ते भोक दिसत नाही, कारण उलटा करून गुणण्याने उत्तर बरोबरच येतं. बैजिक अपूर्णांक आले की फुटतं. मुलं (क्ष + ३) भागिले ३ मध्ये वरचा-खालचा ३ खोडून क्ष उरवतात. ती निष्काळजीपणाची चूक नाही. छेद म्हणजे काय, हेच कधी कळलेलं नसतं. दोन-तीन आठवडे, रोज वीस मिनिटं: कागदाच्या पट्ट्या घडी घालून अर्धा, तृतीयांश, षष्ठांश करायचे, संख्यारेषेवर मांडायचे, प्रत्येक भागाकाराला एक प्रसंग तिने स्वतः रचायचा. नियम वापरायला बंदी. हुशार मुलांना हे बाळबोध वाटतं आणि ती कुरकुरतात. तेव्हा प्रश्न अवघड करा, विषय तोच ठेवा: पाच-सप्तमांश आणि सहा-अष्टमांश, छेद समान न करता मोठा कुठला? (दोन्हींना १ व्हायला किती कमी पडतं ते बघितलं की सुटतं. दोन-सप्तमांश आणि दोन-अष्टमांश.)

उणे गुणिले उणेला तिच्याकडून हे करवून घ्या: (-३) × [४ + (-४)] याचं उत्तर शून्य यायलाच हवं. कंस सोडव. पहिला तुकडा -१२. मग दुसरा किती असावा लागेल?

आता वेग. आठवीचं पुस्तक या वर्षी मार्चपर्यंत. सगळी प्रकरणं एका चालीने घेऊ नका. सूट व कमिशन, सांख्यिकी, चलन, चक्रवाढ व्याज ही तिच्यासाठी प्रत्येकी दोन-तीन बैठकांची. बैजिक राशींचे अवयव, बहुपदींचा भागाकार आणि त्रिकोणांची एकरूपता इथे मुक्काम. अवयवांना निदान चार आठवडे द्या. नववीतल्या बहुपदी आणि दहावीतली वर्गसमीकरणं पूर्ण यावर उभी आहेत, आणि पुढे अकरावी-बारावीत ज्या मुलांना "कॅल्क्युलस कळत नाही" असं वाटतं त्यांच्यातली बरीच खरं तर अवयवांवर अडलेली असतात. एकरूपतेत प्रथमच "कारण" लिहावं लागतं. तिथे उत्तर असं नसतंच, म्हणून तुमची मुलगी तिथे चिडेल. चिडू दे.

पुढच्या वर्षी, सातवीत असताना, नववीचे भाग १ आणि भाग २ बरोबरीने. बीजगणित आधी संपवून मग भूमिती, असं करू नका. बीजगणित भराभर जातं, भूमिती मागे पडते आणि मग ती कधीच होत नाही. आठवीत दहावीचं. म्हणजे आठवी संपताना शाळेच्या दोन इयत्ता पुढे. मेव्हण्यांच्या हिशेबापेक्षा एक वर्ष उशीर, पण त्या वर्षात सिद्धता लिहिता येईल आणि संख्या सिद्धांताचे (विभाज्यता, मूळ संख्या वगैरे) चार घटक पुस्तकाबाहेरचे होतील.

वेळ: आठवड्यातून चार दिवस, चाळीस मिनिटं. दोन दिवस पुस्तक, एक दिवस सुरंगी म्हणतात तसा अडवणारा प्रश्न, एक दिवस फक्त लेखन. लेखन म्हणजे तिने तोंडी सोडवलेलं एकच गणित पूर्ण लिहायचं, वर्गातल्या गैरहजर मुलीला चिठ्ठी लिहून समजवावं तसं. याहून जास्त बसवू नका. आठवड्याला तीन तासांच्या आत ठेवलंत तर गणपतीच्या सुट्टीत आणि शिमग्यात खंड पडला तरी साखळी तुटत नाही.

वेग कमी कधी करायचा: सहा आठवड्यांच्या फेरचाचणीत ८५ वरून ७० खाली आली, नवं प्रकरण लागोपाठ दोनदा समजलं नाही, किंवा उत्तर आधी मागे बघून मग पायऱ्या जुळवायला लागली तर. शेवटचं लक्षण सगळ्यात वाईट. वाढवायचा कधी: प्रकरण वाचायच्या आधीच सराव सोडवते आणि कारणही सांगते, असं तीन प्रकरणं लागोपाठ झालं तर.

सुरंगी

आठवीत दहावी, हे मला या मुलीसाठी जरा हळूच वाटतं. कबड्डीच्या गणितावर दोन दिवस गप्प बसून टिकणारी मुलगी नववीचं बीजगणित सहा महिन्यांत खाईल. पण सहा आठवड्यांनी फेरचाचणी होणारच आहे, त्यामुळे वाद घालत नाही. चाचणीत ८५ च्या वर आली तर मात्र वेळापत्रक धरून बसू नका.

घंटा झाली

शाळेच्या बाजूचं सांगतो. सातवी गाळण्याबद्दल.

मूळ प्रश्नात तुम्ही ओझरतं लिहिलंय की थोरला मुलगा सातवीत आहे. म्हणजे पुढच्या जूनला तो आठवीत जाणार, आणि मुलगी सातवी गाळून त्याच वर्गात. हे करू नका. आयोवा विद्यापीठात इयत्ता गाळण्याचा निर्णय घेण्यासाठी एक मोजपट्टी तयार केली आहे, तिच्यात काही गोष्टी अशा आहेत की त्या असतील तर गुण मोजायचेच नाहीत, सरळ नको म्हणायचं. मुलाची स्वतःची इच्छा नसणं ही त्यातली एक, आणि भावंड त्याच वर्गात असणं ही दुसरी. भाऊ आत्ताच एका खोलीत बसून धाकटीकडून उत्तरं ऐकतोय. एका हजेरीपटावर दोघं आली तर दोघांचीही कुचंबणा, त्याची जास्त.

दुसरं, तुमची शाळा सातवीपर्यंत आहे. आठवी म्हणजे नवं हायस्कूल, एसटीचा प्रवास, विषयाला वेगळे शिक्षक. इयत्तेची उडी आणि शाळेची उडी एकाच जूनला नको.

तिसरं, वयाच्या अटी. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायची तर वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या (एनआयओएस) दहावीलाही १४. उद्या मेडिकलकडे वळली तर नीटला १७ पूर्ण लागतात. म्हणजे उडी मारून मिळवलेलं वर्ष पुढे कुठेतरी थांबण्यातच जाऊ शकतं. शिवाय सरल आणि युडायस या सरकारी ऑनलाइन नोंदींत मुलाची नोंद इयत्तेप्रमाणे सरकत असते, मधली इयत्ता गाळायची तर तो विषय मुख्याध्यापकांच्या टेबलावर संपत नाही.

आणि मुख्य म्हणजे तिला पूर्ण इयत्ता पुढे जायची गरजच दिसत नाही. पुढे आहे ती गणितात. पुढे नामवंत गणितज्ञ झालेल्या टेरेन्स ताओसारख्या मुलालाही लहानपणी वेगवेगळ्या विषयांसाठी वेगवेगळ्या इयत्तांत बसवत असत, सगळं एकदम पुढे नेलं नव्हतं. बहुवर्ग खोलीची आपण नेहमी तक्रार करतो, पण या कामाला तिच्याइतकी सोयीची दुसरी जागा नाही. कसलाही कागद न करता मुलगी बाक बदलून वरच्या वर्गाचं गणित करू शकते. शहरातल्या शाळेत याच गोष्टीला तीन अर्ज लागले असते.

खरा प्रश्न दोन वर्षांनी, हायस्कूलला गेल्यावर. तिथे आठवीतून उठून नववीच्या गणिताला बसवा, असं सुचवलं जाईल. नववीत भाऊ असेल. दहावीच्या वर्गाला बोर्डाची घाई असते, तिथे पाहुण्या मुलीकडे कोण बघणार? त्यापेक्षा गणिताच्या तासाला ग्रंथालयात बसून स्वतःचं काम, आणि आठवड्यातून एकदा गणिताच्या शिक्षकांना वही दाखवणं, एवढं मागा. मागणी एप्रिल-मेमध्येच करा, वेळापत्रक बसायच्या आधी. शाळा सुरू होऊन तासिका ठरल्या की कुणी हलवत नाही. जाताना तिच्या तीन-चार उत्तम सोडवलेल्या वह्या न्या. "आमची मुलगी फार हुशार आहे" हे वाक्य प्रत्येक मुख्याध्यापक आठवड्यातून दोनदा ऐकतो, वही क्वचित बघायला मिळते.

सेमी इंग्रजीचं आत्ताच बघून ठेवा. हायस्कूलला गणित इंग्रजीतून असेल तर आत्तापासून एका वहीत जोडीने शब्द लिहायला लावा: मसावि म्हणजे एचसीएफ, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, एकरूप म्हणजे कॉन्ग्रुअंट, समरूप म्हणजे सिमिलर. शेवटच्या दोहोंत हमखास गोंधळ होतो.

खाडीपलीकडे

फाउंडेशनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सगळे क्लास वाईट नसतात, पण पैसे भरण्याआधी एका आठवड्याचे सरावकागद मागा. पन्नास प्रश्न, सगळे चार पर्यायांचे, वर सूत्रांची चौकट, आणि "सिद्ध करा" किंवा "का?" असा एकही प्रश्न नाही, असं असेल तर तो वेग मुलीचा नाही, क्लासचा आहे. तिच्या तोंडी परीक्षेतलं "उलटा करून गुणायचं" तिथे आणखी पक्कं होईल. अ‍ॅबॅकस आणि वैदिक गणित यांचा या प्रश्नाशी संबंध नाही. आकडेमोड तिची आधीच जलद आहे, आणखी जलद करून मिळवायचं काय?

कॅल्क्युलस लवकर शिकवायचा मोह आवरा. डेरिव्हेटिव्हची सूत्रं सातवीतलं मूलही पाठ करतं, बघणारे थक्क होतात, आणि त्यातून पुढे काही उगवत नाही. गणित ऑलिंपियाडला कॅल्क्युलस लागत नाही. तिथे बीजगणित, भूमिती, संख्या सिद्धांत आणि मोजणीच्या युक्त्या. म्हणजे तुमच्या मुलीला पुढे न्यायच्या ऐवजी आडवं पसरायला भरपूर जागा आहे, आणि त्यासाठी तिला लागणारं गणित आठवी-नववीचंच आहे.

टप्पे असे. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची गणित प्रज्ञा शोध परीक्षा असते, यंदाच बघा. प्रतिष्ठान १९७६ मध्ये श्रीराम अभ्यंकरांनी सुरू केलं. ऑलिंपियाडची पहिली पायरी आयओक्यूएम (देशपातळीवरची पात्रता परीक्षा), आठवीपासून देता येते, सप्टेंबरच्या सुमारास. तीन तास, १०० गुण, अलीकडे ३० प्रश्न, उत्तर म्हणजे दोन अंकी संख्या. पर्याय नसतात, त्यामुळे अंदाजाला वाव नाही. त्यापुढे आरएमओ (विभागीय ऑलिंपियाड) आणि जानेवारीत आयएनएमओ (राष्ट्रीय ऑलिंपियाड), तिथे मात्र पूर्ण सिद्धता लिहायची. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर जुने पेपर उत्तरांसह फुकट आहेत. नेटचा भरवसा नाही म्हणता तर तालुक्याला गेलात की एकदम वर्षभराचं उतरवून छापून घ्या. या कामाला रोजचं नेट लागतच नाही. शंका वहीच्या पानाचा फोटो काढून रेंज येईल तेव्हा पाठवायची, उत्तर दोन दिवसांनी आलं तर उलट बरं.

आठवीत पहिल्यांदा आयओक्यूएमला बसवाल तेव्हा १०० पैकी १५-२० आले तर हबकू नका, तिलाही आधी सांगून ठेवा. आयुष्यभर पैकीच्या पैकी घेतलेल्या मुलांना हा आकडा झोंबतो. सुरुवातीला सोपे प्रश्न घ्या: १ ते १०० मध्ये ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या संख्या किती? ३३ अधिक २० म्हणून ५३ लिहिलं की चूक, १५ ने भाग जाणाऱ्या ६ दोनदा मोजल्या, म्हणून ४७. मग १ पासून १०० पर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराच्या शेवटी शून्यं किती? इथे पहिलं उत्तर बहुधा २० येतं, कारण २५, ५०, ७५, १०० मध्ये ५ दोनदा आहे हे निसटतं. बरोबर उत्तर २४.

अवांतर: दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिले) झाले. तेव्हा रत्नागिरी लांब पडते, ही अडचण एवढी मोठी धरू नका. :)

माचाळ

सर्वांचे आभार. भावाचा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता. सातवी गाळायचा विषय बंद. एक शेवटचं: सिद्धता किंवा पायऱ्या बरोबर आहेत की नाहीत हे घरात तपासणार कोण? आम्हाला तर कळत नाही.

कर्णरेषा

तपासायला गणित यावंच लागतं असं नाही. वही समोर घेऊन प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि एकच विचारा: वरच्या ओळीवरून इथे कशी आलीस? ती न थांबता सांगते ती ओळ ठीक. "असंच असतं", "दिसतंयच की" आलं किंवा ती दोनदा अडखळली, तर त्या ओळीपुढे पेन्सिलने गोल करून तारीख घाला आणि पुढे चला. महिन्याला असे सात-आठ गोल जमतील. तेवढीच पानं हायस्कूलच्या गणिताच्या बाईंना किंवा सरांना दाखवा, अर्ध्या तासाचं काम आहे, कुणी नाही म्हणत नाही. इथे फोटो टाकलेत तरी बघू.